चाचांचा श्वास मोजला, त्या सकाळी

हिंगोली जिल्ह्यातल्या ज्या दवाखान्यात मी भूल देते, त्याचं नाव इथे लिहीत नाही. झालं त्यात दवाखान्याचा काही दोष नव्हता. माझा किती होता, ते मला अजून नीटसं ठरवता आलेलं नाही.

भूलवाली डॉक्टर म्हणजे इंजेक्शन देऊन झोपवणारी, असं लोकांना वाटतं. झोपवणं हा कामातला सगळ्यात सोपा भाग. झोपेबरोबर आम्ही स्नायू सैल करणारं औषधही देतो आणि त्यानंतर पेशंटला स्वतःहून श्वास घेता येत नाही. श्वासनळीत नळी घातलेली असते, तिच्यातून मशीन ठरावीक हवा आत ढकलतं. ढकलायला किती जोर लागतोय ते पडद्यावर दिसतं. हवा आत गेल्यावर ती क्षणभर तशीच अडवून धरायची. नळ्यांमधून वाहताना लागणारा जोर तेवढ्यात ओसरतो आणि उरतो तो फुप्फुसाचा आणि छातीचा स्वतःचा ताठपणा. आत गेलेल्या हवेला त्या दाबानं भागलं की एक आकडा मिळतो. धडधाकट माणसात तो पन्नासच्या आसपास येतो, कधी साठ. फुप्फुस जितकं ताठ, तितका आकडा लहान.

शिकत असताना माझा प्रबंध याच विषयावर होता. दोन वर्षं मी भुलेतल्या माणसांचे श्वास अडवून धरत होते आणि आकडे लिहीत होते. नोकरीला लागल्यावर ते करायची कुणी सक्ती केली नव्हती, पण हाताला सवय लागली होती. नळी बसली, दोन्ही बाजूंना हवा जातेय हे ऐकून झालं की मी बटण दाबून श्वास अडवायचे, मनातल्या मनात भागाकार करायचे आणि मगच सर्जनांना मान हलवून सांगायचे. आमचे सर्जन माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, हाताला हलके, स्वभावानं थट्टेखोर. ते रोज विचारायचे, "मॅडम, मीटर रीडिंग झालं का? कट घेऊ?"

चाचा आले ते हर्नियासाठी. जवळा बाजारला त्यांचं गाद्या भरायचं दुकान होतं. वय साठीच्या आसपास, अंगानं काटकुळे, पाठीत वाकलेले. बरोबर बायको आणि सव्वीस-सत्तावीस वर्षांची लेक. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचं उतरलेलं आतडं अडकून बसलं होतं. सरांनी, म्हणजे आमच्या सर्जनांनी, ते हातानं हळूहळू आत बसवून तेवढ्यापुरतं निभावलं होतं आणि सांगितलं होतं, आता ऑपरेशन टाळू नका.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना तपासायला वॉर्डात गेले. खाटेवर मांडी घालून बसले होते. बोलताना दर दोन वाक्यांनंतर थांबून खोकायचे.

"तुमीच भूल देणार का?"

"हो चाचा."

"मंग जरा ज्यादाच द्या. खोकलून खोकलून कधीची बराबर झोप झाली न्हाई."

सगळे हसलो. मी विचारलं, खोकला कधीपासून आहे.

"हायेच. आमच्या धंद्यात सगळ्यांनाच असतो. पहिले हातानं धुनकीवर कापूस पिंजायचो, मंग मशीन घेतली. नवा कापूस बरा असतो. पण लोकं जुन्या गाद्या आणून टाकतात. भिजलेल्या, बुरशी धरलेल्या. त्या खोलून मशीनला लावल्या की असा काळा धूर उठतो, समोरचा माणूस दिसत न्हाई."

"तोंडाला फडकं बांधत नाही?"

"बांधतो. पण दम कोंडतो ना मंग."

चाची बाजूनं म्हणाल्या, "आमी तिघंबी त्यातच बसतो. हिचा निकाह झाला होता, माघारी आली. तवापासून हीच मशीन चालवती."

मी त्यांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. दोन्ही बाजूंना, खालच्या अंगाला, श्वास घेताना बारीक कोरडी कुरकुर ऐकू आली. बोटांची टोकं फुगलेली होती, नखं घड्याळाच्या काचेसारखी वाकलेली. छातीच्या जुन्या फोटोवर कुणीतरी 'टी.बी.चे जुने डाग' असं लिहून ठेवलं होतं. दोनदा टी.बी.ची औषधंही झाली होती, दोन्ही वेळा थुंकीत काही सापडलेलं नसताना. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन चौऱ्याण्णव. मी कागदावर लिहिलं, 'जुना टी.बी., पाठीतून भूल द्यावी.' ती कुरकुर मी कानांनी ऐकली होती, ती नखं डोळ्यांनी पाहिली होती. तरी कुणीतरी आधी लिहिलेलं तेच मी पुन्हा लिहिलं.

सकाळी पहिली केस त्यांचीच लावली. ठरल्याप्रमाणे पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा होता. चाचा टेबलावर वाकून बसले, सिस्टरनी त्यांचे खांदे धरले. मणके आखडून एकमेकांना चिकटल्यासारखे झाले होते. सुई हाडावर आदळायची. मी चार वेळा प्रयत्न केला. चौथ्या वेळी ते म्हणाले, "मॅडम, लई तकलीफ होऊन राहिली," आणि खोकल्याची अशी उबळ आली की आम्ही त्यांना आडवं केलं.

मी सरांना विचारलं, फक्त कापायच्या जागेपुरतं बधिर करून होईल का?

"एवढा मोठा हर्निया? खालपर्यंत उतरलाय, आत चिकटलेला असणार. खोकला आला की सगळं आतडं माझ्या हातात येईल. पूर्ण भूल द्या."

मी पूर्ण भूल दिली. झोप लागताना ते काहीतरी पुटपुटत होते, दुआ असावी. नळी पहिल्याच प्रयत्नात बसली. चारशे मिलिलिटर हवा लावली आणि पडद्याकडे पाहिलं. दाब तीस. श्वास अडवून धरला. सव्वीसवर थांबला. नळ्या, श्वासनलिका, दमा यांच्यामुळे जोर लागत असता तर अडवून धरल्यावर दाब बराच खाली आला असता. तो चारानंच उतरला होता. म्हणजे अडचण वाटेत नव्हती, फुप्फुसातच होती. श्वास सोडल्यावरही मशीन फुप्फुसात धरून ठेवत होतं तो पाचाचा दाब वजा करून मी भागाकार केला. एकोणीस.

मी पुन्हा केला. नळी एकाच बाजूला तर गेली नाही ना म्हणून दोन्हीकडे ऐकलं. नळीत पातळ पाइप घालून कफ ओढून पाहिला, काही निघालं नाही. स्नायू पुरते सैल आहेत याची खात्री केली. पोट मऊ होतं. तिसऱ्यांदा श्वास अडवला. एकोणीसच.

प्रबंधाच्या दोन वर्षांत मी इतका लहान आकडा चालत्या-बोलत्या माणसात पाहिला नव्हता. हा माणूस काल मांडी घालून माझ्याशी थट्टा करत होता. इतक्या ताठ फुप्फुसांनी तो बोलत कसा होता, बाजारच्या दिवशी गाद्या उचलत कसा होता, मला कळेना. काल ऐकलेल्या कुरकुरीचा अर्थ मात्र आता लागला. टी.बी. कधी नव्हताच. वर्षानुवर्षांच्या धुळीनं आणि बुरशीनं फुप्फुसं आतून निबर होत गेली होती. अशा फुप्फुसांना ऑपरेशनचा, मशीनच्या हवेचा धक्का सोसत नाही, कधीकधी दोन-चार दिवसांनी ती एकदम पेटतात, हे मी वाचलेलं होतं.

सर हात धुऊन आत आले होते. सिस्टर त्यांना गाऊन बांधत होत्या.

"काय मॅडम, रीडिंग?"

"सर, फुप्फुसं फार ताठ आहेत. एकोणीस येतंय. मला वाटतं थांबावं. जागं करू, आधी छातीचा सी.टी. करून घेऊ, मग ठरवू."

त्यांनी थट्टा केली नाही. "आता ऑक्सिजन किती आहे?"

"सत्त्याण्णव. पण तो मशीनवर."

"मॅडम, नळी घालून झालीय. चाळीस मिनिटांचं काम आहे. आज उठवून घरी पाठवलं तर हा माणूस परत येणार नाही. पुढच्या वेळी आतडं अडकलं तर सडेल, आणि सडलेलं आतडं घेऊन तो याच फुप्फुसांनिशी तुमच्यासमोर येईल. तेव्हा काय कराल?"

ते खोटं बोलत नव्हते. आतडं एकदा अडकलं होतंच. माझ्याजवळ एक आकडा होता आणि पुस्तकात वाचलेली एक शक्यता. त्यांच्याजवळ तीस वर्षांत पाहिलेली सडलेली आतडी होती. मी मशीनकडे पाहिलं, चाचांच्या पट्ट्या लावून मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"ठीक आहे, सर," मी म्हणाले.

पस्तीस मिनिटांत झालं. रक्त जवळजवळ गेलंच नाही. मी हवा कमी ठेवली, दाब वाढू दिला नाही, येत होतं ते सगळं केलं. चाचा छान जागे झाले. नळी काढल्यावर खोकले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "झालं का?" संध्याकाळी उशीला टेकून बसले, चाचींच्या हातानं चहा प्याले. दुसऱ्या दिवशीही बरे होते. मी जाता-येता डोकावत होते आणि घाबरले ते उगाच, असं मनाशी म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना धाप लागली. दुपारपर्यंत वाक्य पुरं करता येईना. फोटोत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसली. आम्ही त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं, मुखवट्यानं ऑक्सिजन दिला, इंजेक्शनं सुरू केली. संध्याकाळी मला पुन्हा नळी घालावी लागली. त्या आधी ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "परत?" मी म्हणाले, "थोड्याच दिवसांसाठी, चाचा." मला माहीत होतं ते खरं नव्हतं.

पाचव्या दिवशी नांदेडला बेड मिळाला. ॲम्ब्युलन्स दारात आली. तिच्यातलं छोटं व्हेंटिलेटर त्या फुप्फुसांपुढे चालेना. दारापर्यंत स्ट्रेचर नेईतो ऑक्सिजन साठीच्या घरात आला. मी स्वतः फुगा दाबत होते, आणि माझ्या तळहाताला कळत होतं की हवा आत जातच नाही. हाताला दगड लागावा तसं लागत होतं. आम्ही स्ट्रेचर वळवलं आणि परत आणलं. लेक ॲम्ब्युलन्सच्या मागच्या दाराशी कपड्यांची पिशवी घेऊन बसली होती. ती उतरली, काही न विचारता आमच्यामागे चालत आली.

त्यानंतर रोज सकाळी मी तेच करायचे. श्वास अडवायचा, दाब बघायचा. अतिदक्षता विभागातलं मशीन भागाकार स्वतःच करून पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायचं. सोळा. चौदा. चाचींना आत पाच मिनिटं सोडायचे. त्या नवऱ्याच्या पायाला हात लावून उभ्या राहायच्या आणि पडद्याकडे बघायच्या. अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते. सातव्या दिवशी त्यांनी त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"मॅडम, हा आकडा रोज कमी होऊन राहिला. ताप उतरल्यावानी. म्हणजे आराम पडून राहिला ना?"

त्या दिवशी बारा होता. सिस्टर माझ्याकडे पाहत होत्या.

"नाही चाची," मी म्हणाले. "हा वाढायला पाहिजे. कमी होतोय ते वाईट आहे."

"मंग मी रोज अल्लाचे शुक्र करून राहिले, ते उलटंच?"

त्यांनी पायावरचा हात काढला, चादर सारखी केली आणि बाहेर गेल्या. त्यानंतर त्या आत आल्या की पडद्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या.

चाचा नवव्या दिवशी दुपारी गेले. शेवटी आकडा आठ होता. सर आले, त्यांनी चादर बाजूला करून ऑपरेशनची जखम पाहिली. कशासाठी पाहिली असेल, मला अजून कळत नाही. "टाके अगदी स्वच्छ आहेत," ते हळूच म्हणाले, आणि चादर परत ओढली. त्या दिवसानंतर मीटर रीडिंगची थट्टा त्यांनी कधी केली नाही. आम्ही या विषयावर बोललोही नाही. दीड वर्षानं ते निवृत्त झाले.

दोनेक महिन्यांनी चाची आणि त्यांची लेक दवाखान्यात आल्या. कुठल्याशा कागदावर सही लागत होती. काम झाल्यावर चाची मला शोधत वर आल्या. म्हणाल्या, "तुमी लई धावपळ केली. ते म्हणायचे, मॅडम चांगली हाय, हसून बोलती."

मला ते सहन झालं नाही. मी त्यांना माझ्या खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं. आदल्या दिवशी पाठीत ऐकलेली कुरकुर, नखं, एकोणीस. कट घेण्याच्या आधीच मला कळलं होतं आणि मी थांबवलं नाही, हे शब्दांत सांगितलं. सरांचं म्हणणंही सांगितलं, कारण ते वगळणं बरोबर झालं नसतं.

लेक खिडकीशी उभी होती, ती खोकत होती.

"मंग त्या वक्ताला मी कुठं होते?" चाचींनी विचारलं.

"बाहेर. ओ.टी.च्या बाहेर."

"व्हय. तुमच्या दाराला टेकून बसले होते. आतला आवाजबी येऊन राहिला होता. दार उघडून मला काहून न्हाई विचारलं?"

त्याच पुढे म्हणाल्या,

"तुमी दोघांनी बोलून घेतलं. त्यांना तर तुमी निजवलं होतं. मला विचारलं असतं तर मी म्हणले असते, उठवा. दोन महिने जगले असते का दोन साल, माझ्यासंगं बोलत तरी गेले असते."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली का, माहीत नाही. त्यांनी मान हलवली, पण ती कशालाही असू शकते. इतक्या वेळा मी त्या सकाळचा विचार केला होता. सरांशी भांडायला हवं होतं, पाठीत ती कुरकुर ऐकली तेव्हाच ओळखायला हवी होती, जागेवर बधिर करायचा हट्ट धरायला हवा होता. दार उघडून बाहेर बसलेल्या बाईला विचारायला हवं होतं, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

त्या उठल्या तेव्हा मी लेकीला म्हणाले, जरा पाठ दाखव. ती "काहून?" म्हणाली, पण वळली. दोन्ही बाजूंना, खालच्या अंगाला, बारीक कोरडी कुरकुर होती. मी स्टेथोस्कोप काढेपर्यंत चाची माझ्या तोंडाकडे पाहत होत्या आणि त्यांना सांगायची वेळ आलीच नाही. त्या खुर्चीवर परत बसल्या.

मी तिला नांदेडच्या छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सी.टी.त त्याच आजाराची सुरुवात दिसली. औषधं सुरू झाली, आणि पिंजायच्या मशीनपासून लांब राहायला सांगितलं. मशीन त्यांनी दुकानातून काढून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. आता चाची एकट्या पिंजतात आणि लेक पुढे बसून खोळी शिवते. धूळ शेडमधून दुकानात येत नसेल, असं मला म्हणवत नाही. मी दोघींना ते सांगितलं आहे.

त्यानंतर मी एक गोष्ट बदलली. आकडा वाईट आला की हातमोजे उतरवून मी बाहेर जाते आणि माणसाच्या घरच्यांना सांगते. सर्जन हात वर धरून आत ताटकळतात. काही चिडतात. मागच्या वर्षी सेनगावकडच्या एका तांड्यावरून एक बाई पित्ताशयाच्या खड्यांसाठी आली होती. आयुष्यभर बंद झोपडीत चुलीपुढे बसलेली. आकडा बावीस आला. मी बाहेर जाऊन तिच्या नवऱ्याला सांगितलं, त्यानं थांबवायला सांगितलं, आम्ही तिला जागं केलं. दुसऱ्या दिवशी पोटात कळ आली तेव्हा तोच माझ्यावर ओरडला, "निजवलं होतं तर करून टाकायचं ना! काहून उठवली?" तिला घेऊन गेला. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. दुसरीकडे ऑपरेशन झालं की राहिलं, जगली की नाही, मला कळलेलं नाही. मी केलं ते बरोबर होतं असं मला वाटतं, पण ती बाई माझ्या बाजूनं साक्ष द्यायला कुठे आहे?

चाचांची लेक दर तीन महिन्यांनी तपासणीला येते. तिला भूल द्यायची नसते, त्यामुळे तो दाब मला मोजता येत नाही. नळीत फुंकर मारायला लावते आणि कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवते, बोटाला यंत्र लावून. पहिल्या वर्षी ती न थांबता चालायची. या खेपेला चौथ्या मिनिटाला भिंतीला हात टेकला. ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी.

"जरा दम घेते," ती म्हणाली. मी घड्याळ थांबवलं नाही, तपासणीचा तसा नियम आहे. तिनं मग उरलेला वेळही चालून काढला.

नवीन औषध लिहून देताना मी म्हणाले, "पुढच्या वेळी आईलाही आण. एकदा तपासून घेऊ."

"अम्मी येत न्हाई. मी म्हणले होते."

"का?"

"म्हणती, काय हाय ते मला कळून राहिलं. आता कुणाकडून ऐकायचं न्हाई."

मी आग्रह केला नाही. तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, दोन वाजताची गाडी आहे म्हणाली, आणि जिन्यानं उतरायला लागली. मी तिला लिफ्टनं जायला सांगितलं. लिफ्ट त्या दिवशी बंद होती.